सातपुड्याचे पाणी आणि दोन राज्यांचे आरोग्य

मोहगावच्या अर्धनारीश्वर मंदिराजवळून वाहणारी सर्पा नदी पुढे जाम नदीला मिळते. जाम कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळते. वैनगंगा व वर्धा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि प्राणहितेचे पाणी अखेरीस गोदावरीत जाते. आपल्या शिवारात पडलेल्या पावसाचा असा हा प्रवास आहे. शेजारच्या मुलताईच्या पठारावर तर तापी आणि वर्धा अशा दोन नद्या उगम पावतात. एक अरबी समुद्राची वाट धरते, दुसरी बंगालच्या उपसागराची. सातपुडा हा मध्य भारताचा जलदाता आहे, तो या अर्थाने.

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी छिंदवाडा आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत मध्ये सीमारेषा आली. पुढे ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. शासनाच्या सोयीसाठी असे बदल होतच राहणार. परंतु नद्यांनी आपली वाट बदललेली नाही, आणि आपल्या रुग्णांनीही नागपूरची वाट सोडलेली नाही. हवामानबदलाच्या काळात या दोन्ही वाटांचा एकत्र विचार करणे आवश्यक झाले आहे.

हवामानबदल आणि पर्वत म्हटले की आपल्यासमोर हिमालयातील वितळणाऱ्या हिमनद्या येतात. सातपुड्यावर बर्फ नाही. येथे पाण्याची साठवण होते ती जंगलाखालच्या मातीत आणि काळ्या पाषाणाच्या भेगांमध्ये. पाऊस संथपणे आणि अनेक दिवस पडला, तरच ही साठवण भरते. नेमका हाच क्रम आता बिघडत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. थोड्या वेळात कोसळणारे पाणी डोंगरावर थांबत नाही. पावसाळ्यात ते पूर होऊन खाली जाते आणि उन्हाळ्यात विहिरी कोरड्या ठेवते.

याचा पडताळा पेंच व कन्हानच्या खोऱ्याला लागोपाठ दोन वर्षांत आला. २०१९ च्या पावसाळ्याच्या आरंभी तोतलाडोह जलाशय मृतसाठ्यापर्यंत उतरला आणि नागपूर शहराला एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. पाऊस लांबला होता. शिवाय वरच्या अंगाला छिंदवाडा जिल्ह्यात चौराईजवळ माचागोरा धरण झाल्यापासून खाली येणारा ओघही घटला होता. त्याच धरणाने वरच्या शेतकऱ्यांची रब्बी भिजवली, हेही तितकेच खरे. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस, छिंदवाडा जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. एकामागून एक धरणांचे दरवाजे उघडावे लागले. पेंच, कन्हान आणि वैनगंगा दुथडी भरून वाहू लागल्या, भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले, गोसेखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडले गेले आणि खाली चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत पूर पोचला. किती पाणी केव्हा येणार, हे खालच्या गावांना वेळेत कळले काय, याची त्या वेळी बरीच चर्चा झाली. एका वर्षी पाणी नाही म्हणून आणि दुसऱ्या वर्षी पाणी अति झाले म्हणून, दोन्ही वेळा खोऱ्याच्या खालच्या लोकांची सुरक्षा वरच्या लोकांकडील माहितीवर अवलंबून होती.

या घटनांचे पडसाद दवाखान्यात उमटतात. पूर ओसरला की अतिसार, कावीळ, लेप्टोस्पायरोसिस आणि सर्पदंशाचे रुग्ण येतात. पावसाळ्यानंतर वाढलेल्या गवतझुडपातील सूक्ष्म किडीच्या दंशातून स्क्रब टायफस होतो. २०१८ साली नागपुरात या ज्वराची साथ आली, तेव्हा विदर्भाबरोबरच सीमेपलीकडील मध्य प्रदेशातूनही रुग्ण तेथे दाखल झाले होते. काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली दडलेला काळा व्रण वेळीच दिसला, तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने रुग्ण वाचतो. उशीर झाला, तर तोच रुग्ण अतिदक्षता विभागात जातो.

उन्हाची कथा वेगळी नाही. संत्र्याच्या बागेत भर दुपारी राबणारा मजूर भोवळ येऊन पडला आणि भान हरपला, तर तो साधा ताप नव्हे. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांवर जाते. तेथे पॅरासिटामॉल उपयोगी पडत नाही, गार पाण्याने शरीर त्वरित थंड करावे लागते. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे नंतरच्या अभ्यासात आढळले. त्यातून २०१३ साली त्या शहराने उष्णताविरोधी कृती आराखडा केला. २०१६ मध्ये नागपूरनेही तो मार्ग धरला. नागपुरात दिलेला उष्णतेचा इशारा सौंसरच्या मजुरालाही तितकाच लागू पडतो. तो त्याच्यापर्यंत त्याच दिवशी पोचला पाहिजे.

पर्वतीय प्रदेशांतील सहकार्याचा धडा हिमालयाकडून घेता येईल. १९८३ साली काठमांडू येथे स्थापन झालेल्या एकात्मिक पर्वतीय विकास केंद्रात हिंदुकुश-हिमालयातील आठ देश सहभागी आहेत. राजकीय मतभेद असूनही ते हिमनद्या, पूर आणि शेती यांची माहिती एकमेकांस देतात. नेपाळातून बिहारच्या सीतामढी जिल्ह्यात येणाऱ्या रातू नदीवर तर एक अगदी साधी व्यवस्था उभी राहिली. वरच्या गावात पाण्याची पातळी मोजणारे यंत्र आणि त्यावर लक्ष ठेवणारा गावकरी. पाणी वाढले की तो खालच्या गावांना दूरध्वनी करतो. दोन देशांना जे साधते, ते एकाच देशातील दोन राज्यांना अवघड का असावे?

शासनस्तरावर याची परंपरा आहे. तोतलाडोहची १६० मेगावॉट वीज मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र २:१ या प्रमाणात वाटून घेतात. १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे दोन्ही राज्यांनी तापी खोऱ्यातील महापुनर्भरण प्रकल्पाचा करार केला. सातपुड्याच्या पायथ्याशी भूजल भरणे, हा त्याचा उद्देश आहे. कन्हान खोऱ्यातील जामघाट प्रकल्पाचाही तेथे विचार झाला. आपल्या तालुक्यांतील आणि पलीकडच्या वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड भागातील संत्राबागांना पाण्याची निकड सारखीच आहे. दोन्ही बाजूंनी विहिरी अधिकाधिक खोल होत गेल्या, तर कोणाच्याच हाती काही उरणार नाही.

वैद्यकीय व्यावसायिकांनी मात्र करारांची वाट पाहण्याचे कारण नाही. रोगसर्वेक्षणाचे अहवाल आज आपापल्या राज्याच्या यंत्रणेकडे जातात. पांढुर्ण्यात वाढलेला ज्वर नरखेडच्या डॉक्टरांना कळेपर्यंत साथ तेथे पोचलेली असते. दोन्ही बाजूंच्या वैद्यकीय संघटनांनी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा केवळ चार आकडे एकमेकांस कळवावेत: उष्माघात, अतिसार, व्रणासह ज्वर आणि सर्पदंश. त्यात रुग्णाचे नाव नको. नागपूरला पाठविलेल्या रुग्णाचे निदान परत गावच्या डॉक्टरांकडे यावे. पुराचा इशारा मिळताच नदीकाठच्या नऊ महिने भरत आलेल्या गर्भवती आणि डायलिसिसवरील रुग्ण यांची यादी घेऊन त्यांना आधीच हलवावे. सर्पविषावरील लस कोठे किती शिल्लक आहे, हे सीमेच्या दोन्ही बाजूंस ठाऊक असावे.

यासाठी लागणारा खर्च अल्प आहे. भाषेची अडचण नाही, नात्यागोत्याचे संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत, आणि एकाच वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले सहाध्यायी दोन्ही बाजूंना सेवा देत आहेत. येत्या पावसाळ्यापूर्वी सौंसर, पांढुर्णा, काटोल व नरखेड येथील डॉक्टरांची एक संयुक्त बैठक व्हावी आणि ही चार आकड्यांची देवाणघेवाण तेथेच सुरू व्हावी, अशी या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्व सहव्यावसायिकांना नम्र विनंती आहे.