पाहुणा की भाडेकरू?

अमेरिकेत निजण्या-रांधण्याची सोय असलेली वाहने घेऊन प्रवास करणाऱ्यांसाठी खास तळ असतात. तेथे जागा, पाणी आणि वीज ठरावीक भाड्याने मिळते. अशा तळावरील एखादा पाहुणा इतरांची शांतता भंग करू लागला, तर चालकाने काय करावे?

फ्लोरिडा राज्याचा कायदा येथे हॉटेलांच्या कायद्याचाच कित्ता गिरवतो. दंगा करणाऱ्या, अमली पदार्थ बेकायदा बाळगणाऱ्या किंवा भाडे थकविणाऱ्या अल्पकालीन पाहुण्यास चालक रीतसर सूचना देऊन तत्काळ निघून जाण्यास सांगू शकतो. मात्र त्याने आगाऊ भरलेल्या भाड्यापैकी न वापरलेला भाग त्याच वेळी परत द्यावयाचा असतो. एवढ्यावरही तो हलला नाही, तर ते राहणे गुन्हा ठरते. वंश, वर्ण वा धर्मपंथ पाहून मात्र कोणास काढता येत नाही.

खरी मेख आहे ती ‘अल्पकालीन’ या शब्दात. कारण चाकांवरचे हे वाहन कित्येकांचे एकमेव घर असते. चालकास ठाऊक असता कोणी 6 महिन्यांहून अधिक काळ सलग राहिला, तर फ्लोरिडाचा कायदा, विरुद्ध पुरावा नसल्यास, त्याला पाहुणा मानीत नाही. मग इतर भाडेकरूंप्रमाणेच न्यायालयाची पायरी चढावी लागते. कॅलिफोर्नियात तीन पायऱ्या आहेत: 30 दिवसांपर्यंतचा वहिवाटदार, त्यापुढील भाडेकरू आणि 9 महिन्यांनंतरचा रहिवासी. पैकी पहिल्याने भाडे चुकविले वा लेखी नियम मोडले, तरी त्याचे वाहन हलविण्यापूर्वी त्यास 72 तासांची लेखी सूचना द्यावी लागते.