लेदरचे बूट पावसात भिजले? हेअर ड्रायर बाजूला ठेवा. घरच्या घरी अशी घ्या काळजी

स्टेशनवरून ऑफिस गाठेपर्यंत पावसाची एक जोरदार सर आली, की लेदरचे बूट आतून-बाहेरून भिजतात. दुसऱ्या दिवशी तेच घालायचे असल्याने अनेक जण ते रात्री गॅसजवळ किंवा हेअर ड्रायरने सुकवतात. सकाळी बूट कोरडे होतात, पण कडकही होतात. काही दिवसांत बोटांजवळच्या घडीवर भेगा दिसू लागतात. भिजण्यापेक्षा चुकीच्या पद्धतीने सुकवल्यानेच बुटांचे जास्त नुकसान होते.

भेगा का पडतात?

लेदर म्हणजे कमावलेले कातडे. त्यात कोलॅजन या प्रथिनाचे बारीक तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. कातडे कमावल्यानंतर या तंतूंमध्ये तेल मुरवले जाते. त्यामुळे तंतू एकमेकांवर सरकतात आणि बूट पायाबरोबर वाकतो. वारंवार भिजल्याने हे तेल कमी होते आणि लेदर ताठर बनते. त्यात उष्णतेची भर पडली तर ओले लेदर आकसते. झाडाच्या सालीसारख्या वनस्पतीजन्य पदार्थांनी कमावलेले ओले लेदर साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसलाच आकसू लागते. एकदा आकसलेले लेदर मूळ मापावर येत नाही.

भिजल्यावर काय कराल?

१. चिखल ओल्या फडक्याने टिपून घ्या. वाळल्यावर घासला तर त्यातील बारीक वाळू लेदरवर ओरखडे पाडते.

२. लेस आणि इनसोल काढून वेगळे वाळत घाला.

३. बुटात कागदाचे बोळे भरा. कागद ओलावा शोषतो आणि बुटाचा आकारही टिकवतो. सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी कागद बदला. आतले अस्तर फिकट रंगाचे असेल तर वर्तमानपत्राऐवजी कोरा कागद वापरा. शाईचा डाग लागू शकतो.

४. बूट आडवे ठेवा, म्हणजे सोललाही हवा लागेल. पंख्याखाली सावलीत एक-दोन दिवस वाळू द्या. थेट ऊन नको.

पांढरे डाग : बुरशी की क्षार?

मऊ, कापसासारखा थर आणि कुबट वास असेल तर ती बुरशी. वाळल्यावर कडेने उमटलेली पांढरी रेघ बहुधा क्षारांची असते. बुरशी घराबाहेर, तोंडाला मास्क लावून कोरड्या ब्रशने झाडा. त्यानंतर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसा. क्षारांच्या डागांवरही हेच मिश्रण चालते. आधी टाचेजवळच्या न दिसणाऱ्या भागावर वापरून रंग जात नाही ना, ते पाहा.

पॉलिश कधी आणि कसे?

बूट पूर्ण वाळल्याशिवाय पॉलिश नको. आधी ब्रशने धूळ झाडा. मग लेदर क्रीम किंवा कंडिशनर पातळ लावा आणि मुरू द्या. हे तेलाची कमतरता भरून काढते. त्यावर डबीतले मेणाचे पॉलिश लावा; ते चमक देते आणि पाण्याला काही प्रमाणात अडवते. झटपट चमक देणारे स्पंज घाईच्या वेळी ठीक, पण ते लेदरला पोषण देत नाहीत. स्वेड म्हणजे मखमली पृष्ठभागाच्या बुटांना पॉलिश अजिबात लावू नका. त्यांच्यासाठी मऊ ब्रश आणि साधा खोडरबर पुरेसा आहे.

कोल्हापुरी चपलांचे काय?

२०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावले जाते. ते पाणी पटकन शोषते. त्यामुळे भर पावसात ती न वापरणेच उत्तम. भिजलीच तर सावलीत वाळवून तेलाचा अगदी हलका हात फिरवा. जास्त तेलाने चामडे काळपट आणि ढिले पडते.

हे लक्षात ठेवा

- एकच जोड रोज घालू नका. पायाचा घाम सुकायला किमान एक दिवस लागतो.
- बूट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका. कापडी पिशवी वापरा आणि आत सिलिका जेलची पुडी टाका.
- टाच झिजू लागताच मोचीकडून नवी टाच ठोकून घ्या. झीज वरच्या लेदरपर्यंत पोहोचली, की दुरुस्तीचा खर्च वाढतो.

पॉलिशने भेग झाकली जाते, भरून येत नाही. म्हणून महागड्या पॉलिशपेक्षा भिजल्यानंतरची पहिली रात्र महत्त्वाची. त्या रात्री लागतात फक्त जुने कागद, पंखा आणि थोडा धीर.