मोजणीच्या दिवशी घरही मोजून घ्या

सिन्नर तालुक्यातल्या शिवडे गावाने 2017 मध्ये समृद्धी महामार्गाची मोजणी अडवून धरली होती. नागपूर ते मुंबई हा 701 किलोमीटरचा रस्ता नाशिक जिल्ह्यात सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून जायचा होता. सरकारची जमीन एकत्रीकरणाची योजना शेतकऱ्यांना पटली नाही. मग बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दर देऊन थेट खरेदी सुरू झाली. 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही खुला झाला. या साऱ्या वर्षांत चर्चा झाली ती एकरी दराची. घराबद्दल फार कमी बोलले गेले.

नाशिककडे असंख्य कुटुंबे मळ्यातच राहतात. द्राक्षबागेला लागून घर, बाजूला गोठा, मागे विहीर. सातबाऱ्यावर विहीर आणि झाडे दिसतात, घराची नोंद मात्र अनेकदा राहून गेलेली असते. भूसंपादनात नेमके हेच महागात पडते.

2013 चा भूसंपादन कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. त्यात जमिनीच्या बाजारभावाला ग्रामीण भागात गुणक लावतात. घराला हा गुणक नाही. घराची किंमत कलम 29 प्रमाणे अभियंता ठरवतो, ती जमिनीच्या रकमेत मिळवतात आणि एकूण रकमेवर शंभर टक्के दिलासा रक्कम देतात. म्हणजे अभियंत्याने घराचे आठ लाख लिहिले तर सोळा लाख मिळतात आणि चार लिहिले तर आठ. मूल्यांकनातली प्रत्येक चूक दुप्पट होऊन घरमालकाच्या माथी बसते.

त्यात जुन्या घराच्या किमतीतून घसारा वजा करण्याची पद्धत आहे. ती मला सरळसरळ अन्यायाची वाटते. चाळीस वर्षांपूर्वीचे घर गेले म्हणून कोणाला चाळीस वर्षांपूर्वीच्या भावाने सिमेंट, वाळू आणि गवंडी मिळत नाही. जागतिक बँकेच्या कर्जावरच्या प्रकल्पांत तसेच घर आज बांधायला येणारा पूर्ण खर्च धरतात, घसारा कापत नाहीत. आपल्या रस्त्यांनाही तोच नियम हवा.

घर गेलेल्या कुटुंबाला याच कायद्याने मोबदल्याखेरीज पुनर्वसनाचा हक्क आहे. ग्रामीण भागात घरकुल, शहरात किमान 50 चौरस मीटरचे घर, वर्षभर महिना 3,000 रुपये, सामान हलवायला 50,000 आणि एकरकमी भत्ता आणखी 50,000. हे आकडे आज तुटपुंजे आहेत, पण तेही मागितल्याशिवाय पदरात पडत नाहीत.

रस्ता रुंद करताना बहुतेक वेळा ओटा आणि पुढची खोली जाते, मागे उरते ते राहण्याजोगे नसते. 2013 च्या कायद्याखाली संपादन होत असेल तर कलम 94 घरमालकाच्या बाजूने उभे राहते: घ्यायचे तर पूर्ण घर घ्या, असे तो म्हणू शकतो. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत रस्ते रुंद होत असलेल्या नाशिकमध्ये हे कलम घरोघरी माहीत असायला हवे. शहरात विकास आराखड्यातल्या रस्त्यासाठी रोख पैशांऐवजी टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, पुढे केला जातो. बिल्डरला तो उपयोगी पडतो, दोन खोल्यांच्या मालकाला त्यातून छप्पर मिळत नाही. नगररचना कायद्याच्या कलम 126 मध्ये टीडीआर हा संमतीचा मार्ग आहे. रीतसर भूसंपादन करून रोख मोबदला देण्याची तरतूदही तिथेच आहे.

थेट खरेदीचे खत एकदा नोंदवले की वाढीव मोबदल्याचा दरवाजा जवळपास बंद होतो. भूसंपादनाच्या निवाड्याचे तसे नाही. तिथे पैसे उचलताना ‘हरकत राखून’ असे लेखी दिले तरच 2013 च्या कायद्याच्या कलम 64 खाली दाद मागता येते, आणि निवाड्याच्या वेळी आपण हजर असलो तर त्यासाठी सहाच आठवडे मिळतात. राष्ट्रीय महामार्गासाठी संपादन असेल तर लवादाकडे जावे लागते.

तेव्हा संयुक्त मोजणीची नोटीस आली की घरपट्टीची पावती, नमुना 8 चा उतारा, वीजबिल आणि घराचे चारही बाजूंनी काढलेले फोटो तयार ठेवा. घर, गोठा, पाइपलाइन, विहीर यांची नोंद स्वतः वाचल्याशिवाय पंचनाम्यावर सही करू नका.