न बजावलेला हुकूम

रँग्लर परांजपे १८९९ साली केंब्रिजला सिनियर रँग्लर झाले आणि पुढे सेंट जॉन्स कॉलेजने त्यांना आपले फेलो करून घेतले, ही हकिगत मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. परंतु फेलोशिप म्हणजे केवळ विद्वत्तेचा गौरव नसून ती एका घरातील हिस्सेदारी असे, राहायला खोल्या, भोजनगृहातील उंच चौथऱ्यावर मानाचे पान, कॉलेजच्या जमिनींच्या उत्पन्नात वाटा आणि कारभारात बोलण्याचा हक्क असा तो अधिकार असे, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. विद्वानांनी एका आवारात राहावे, एका पंक्तीला जेवावे आणि एका तिजोरीवर आयुष्य काढावे, या व्यवस्थेचे मला फार वर्षांपासून आकर्षण आहे; आणि तिचे खरे स्वरूप कळण्यासाठी तिच्या वैभवाच्या वर्णनांपेक्षा तिच्या भांडणांचे दप्तर चाळावे, असे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत गेले आहे. केंब्रिजच्याच ट्रिनिटी कॉलेजचे मास्टर, म्हणजे प्रमुख, रिचर्ड बेंटली आणि त्यांचे फेलो यांच्यात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जो कलह माजला, त्याच्याइतके भरगच्च दप्तर दुसऱ्या कोणत्याही कॉलेजचे माझ्या वाचनात नाही.

एलिझाबेथ राणीच्या अमदानीत ठरलेल्या नियमांप्रमाणे ट्रिनिटीत साठ फेलो असत आणि मास्टर व आठ ज्येष्ठ फेलो मिळून कारभार पाहत. फेलोने अविवाहित राहावे, लग्न केल्यास खोली, पान आणि वाटा या तिन्हींवर पाणी सोडावे, असा कायदा होता, आणि तो केंब्रिजमध्ये १८८२ पर्यंत सर्वस्वी उठला नाही. मास्टरांना मात्र विवाहाची मोकळीक होती. बेंटली १७०० साली अधिकारावर आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी संसार थाटला. ग्रीक-लॅटिन संहिताशुद्धीच्या शास्त्रात युरोपभर ज्यांचा दबदबा होता असे हे गृहस्थ शिकले सेंट जॉन्समध्ये. पण तेथे त्यांच्या परगण्याच्या वाट्याच्या जागा भरलेल्या असल्याने त्यांना फेलोशिप मिळाली नव्हती. पंक्तीच्या जीवनाचा अनुभव नसलेला मनुष्य एकदम पंक्तीच्या अग्रस्थानी येऊन बसला, ही गोष्ट मला पुढील सर्व प्रकरणाची किल्ली वाटते.

त्यांनी केलेले काम लहान नव्हते. कॉलेजच्या महाद्वारावर त्यांनी तरुण ज्योतिर्विद रॉजर कोट्स यांच्यासाठी वेधशाळा उभारण्याचा घाट घातला आणि विगानी या इटालियन रसायनज्ञाला अडगळीची एक जागा साफ करवून प्रयोगशाळा दिली. न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'ची दुसरी आवृत्ती १७१३ साली निघाली ती बेंटलींच्या खटपटीने आणि कोट्स यांच्या संपादनाने. आवारात राहणाऱ्या विद्वानाला हाताशी साधने मिळाली पाहिजेत, हे त्यांच्याइतके स्पष्ट त्या काळी क्वचितच कोणाला दिसले असेल.

परंतु तिजोरी सामाईक होती, आणि तिच्यात हात घालताना ज्यांची ती होती त्यांना विचारण्याची बेंटलींना गरज वाटली नाही. मास्टरांच्या निवासाच्या दुरुस्तीचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पटींनी फुगला. त्यातच फेलोंचा विरोध असताना त्यांनी तेथे एक नवा भव्य जिना बांधून घेतला. पाठोपाठ वार्षिक नफ्याच्या वाटपाची जुनी वहिवाट मोडून नवी पद्धत त्यांनी पुढे मांडली, जिच्यात स्वतःचा हिस्सा त्यांनी सढळ हाताने धरला होता. तेव्हा एडमंड मिलर या वकील फेलोने पुढाकार घेतला आणि १७१० साली ईलीच्या बिशपांपुढे चोपन्न कलमांची फिर्याद दाखल झाली.

ही फिर्याद हा माझ्या दृष्टीने या दप्तराचा मुकुटमणी होय. कलमे आरोपाच्या भाषेत नसून प्रत्यक्ष मास्टरांना जाब विचारणाऱ्या प्रश्नांच्या रूपाने लिहिलेली आहेत. पाव, बिअर, दारू, सरपण, कोळसा, चादरी-टेबलपोस, कथलाची भांडी, पीठ आणि कोंडा येथपर्यंत कॉलेजच्या मालाची उधळपट्टी का केली, असा एक सवाल. एका फेलोला गाढव, दुसऱ्याला कॉलेजचे कुत्रे का म्हणालात, असा दुसरा. कोंड्याचा हिशेब आणि अपमानाचा हिशेब एकाच यादीत शेजारी शेजारी येतात, कारण एकत्र कुटुंबाप्रमाणे येथेही कोठीघर आणि अब्रू यांच्यामध्ये भिंत नव्हती. या फिर्यादीला क्षुद्र म्हणणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. मी त्यांच्यापैकी नाही. ज्याला दुसरे घर नाही, लग्न नाही, वतन नाही, त्याने आपल्या ताटातल्या पावाबद्दल विचारणे यात क्षुद्रता कसली?

चौकशी १७१४ च्या उन्हाळ्यात लंडनला झाली. ईलीचे बिशप मूर यांना त्याच सुमारास सर्दी जडली आणि ३१ जुलैला ते निवर्तले. दुसऱ्या दिवशी ॲन राणीही गेली. बेंटलींच्या बरतर्फीच्या निकालाचा मसुदा बिशपांच्या कागदांत तयार सापडला, पण त्याखाली सही नव्हती. मधल्या वर्षांतील खटल्यांच्या जंजाळात मी शिरत नाही. त्यांतला एकच सांगतो. लग्नामुळे ट्रिनिटीची फेलोशिप गमावलेले कॉनयर्स मिडलटन यांनी पदवीदानाच्या वेळी जादा उकळलेल्या चार गिनींसाठी बेंटलींवर दावा लावला. बेंटली हजर झाले नाहीत, आणि विद्यापीठाने १७१८ मध्ये त्यांच्या पदव्या काढून घेतल्या. किंग्ज बेंच या राजाच्या न्यायालयाने १७२४ मध्ये त्या परत देवविल्या, त्या अशा कारणाने की आरोपीचे म्हणणे ऐकले गेले नव्हते. आणि ॲडमला शिक्षा देण्यापूर्वी परमेश्वरानेही त्याची कैफियत ऐकली होती, असा दाखला एका न्यायमूर्तींनी दिला. नैसर्गिक न्यायाची चर्चा निघाली की आपल्याकडील न्यायालयांतही डॉ. बेंटलींच्या या खटल्याचा उल्लेख होतो.

दुसरी फिर्याद ईलीचे नंतरचे बिशप ग्रीन यांच्यापुढे चालली आणि एप्रिल १७३४ मध्ये निकाल सही-शिक्क्यासह लागला: बेंटली बरतर्फ. परंतु कॉलेजच्या नियमांत अंमलबजावणी व्हाइस-मास्टरांकडे सोपवलेली होती. त्या जागेवरील हॅकेट यांनी चालढकल केली आणि काही आठवड्यांतच पद सोडले. त्यांच्या जागी आले रिचर्ड वॉकर.

वॉकर यांचे नाव आज कोणी घेत नाही, आणि मला मात्र या सबंध कथेत त्यांच्याइतका विचार करायला लावणारा पुरुष दिसत नाही. ते नॉर्फकमधील एका खेड्यात साधे पाद्री होते. १७१७ मध्ये बेंटलींनी त्यांना ट्रिनिटीत परत बोलावून कनिष्ठ खजिनदार केले आणि तेव्हापासून ते मास्टरांचे सावलीसारखे सोबती बनले. पोप कवीने 'डन्सियड'च्या चौथ्या सर्गात बेंटलींची टोपी अदबीने हाती धरणारा म्हणून त्यांची टवाळी केली आहे. अशा मनुष्याच्या हाती हुकूम आला, आणि तो त्याने बजावला नाही. विरोधकांनी राजाच्या न्यायालयात अर्जांमागून अर्ज केले. ते निष्फळ ठरले. १७३८ मध्ये बिशप ग्रीन वारले आणि निकाल जागच्या जागी विरून गेला. कायद्याने पदच्युत झालेले बेंटली १७४२ च्या जुलैत मास्टरांच्या निवासातच वारले आणि त्यांचे दफन कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात झाले.

बेंटलींची बरतर्फी न्याय्य होती, असे मी निःसंदिग्धपणे म्हणतो, आणि वॉकर यांनी कर्तव्यात कसूर केली हेही तितकेच खरे. पण बहात्तर वर्षांच्या ज्या वृद्धाजवळ आपण रोज बसतो, त्याचे सामान जिन्यावरून खाली उतरवण्याचा हुकूम आपणच द्यावा, अशी अपेक्षा त्याच छपराखाली राहणाऱ्याकडून करणारा नियम मुळातच सदोष होता. बाहेरच्या अधिकाऱ्याने हे काम अर्ध्या दिवसात उरकले असते.

वॉकर यांनी पुढे वीस वर्षांहून अधिक काळ ट्रिनिटीतच काढला. बेंटलींचे कडवे वैरी जॉन कोलबॅच यांच्याकडे असलेले नीतिशास्त्राचे अध्यापकपद १७४४ मध्ये वॉकर यांच्याकडे आले. बायको-मुले नसलेल्या या गृहस्थाने १७६२ मध्ये गावाच्या मध्यभागी सुमारे पाच एकर जमीन वनस्पती-उद्यानासाठी विद्यापीठाला दिली. एकोणिसाव्या शतकात उद्यान गावाबाहेर गेले आणि मोकळ्या झालेल्या त्या जागेवर विद्यापीठाने विज्ञानाच्या इमारती बांधल्या. त्यांपैकीच १८७४ साली सुरू झालेली कॅव्हेंडिश प्रयोगशाळा, जिथे १९३० नंतरच्या दशकात मुंबईच्या होमी भाभांनी काम केले.