चाहत्याने जपलेले गाणे

इंग्लंडमधल्या स्टोअरब्रिज गावच्या तरुणांनी १९७६ साली ‘डायमंड हेड’ हा हेवी मेटल बँड काढला. १९८० साली पहिली तबकडीही स्वतःच काढली. वेष्टन पांढरे कोरे, त्यावर फक्त एका कलाकाराची सही! मोठे यश काही पदरी पडले नाही. पण १९८१ मध्ये लार्स उलरिक हा सतरा वर्षांचा चाहता अमेरिकेहून त्यांना ऐकायला आला आणि गिटारवादक ब्रायन टॅटलर यांच्या घरीच मुक्कामाला राहिला. परतल्यावर त्याच वर्षी त्याने ‘मेटॅलिका’ उभा केला. १९८४ मध्ये मेटॅलिकाने डायमंड हेडचे ‘अ‍ॅम आय ईव्हिल?’ ध्वनिमुद्रित केले आणि ते जगभर पोचले.

घरातली मुले असले कर्कश काही ऐकत असतील, तर रागावण्याआधी एकदा जवळ बसून विचारा, ‘हे कुणाचं रे?’