आकड्यांची नुमाईश

नामपल्लीची नुमाईश पाहिली नाही असे मराठी कुटुंब हैदराबादेत विरळाच. तथापि या प्रदर्शनाचा उगम आकड्यांच्या गरजेतून झाला, हे थोड्यांनाच विदित असेल. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधर संघाच्या अर्थसमितीस संस्थानाची आर्थिक पाहणी करावयाची होती. तीसाठी निधी उभारावा म्हणून १९३८ साली बाग-ए-आममध्ये हे प्रदर्शन प्रथम भरले. १९४६ साली ते सध्याच्या मैदानावर आले. मोजणे आणि दाखविणे ही जोडी अशी नामपल्लीच्या जुन्या परिचयाची आहे.

हीच जोडी आता संगणकीय खेळ तयार करण्याच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांतही भेटते. तेथे आकडेवारीचे चित्ररूप कसे करावे हे शिकविले जाते. ‘आमचा मुलगा खेळ बनवावयास शिकतो’ असे सांगताना पालकांचा स्वर किंचित खाली येतो. तो खाली येण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

खेळाच्या पडद्यावर खेळाडूची उरलेली शक्ती पुष्कळदा एका पट्टीने दाखवितात. ती पट्टी म्हणजे स्तंभालेखच होय. विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली आपल्या ग्रंथात स्तंभालेख छापला, तेव्हा वाचकास तो निवांत न्याहाळता येत होता. खेळणाऱ्यास ती सवड नाही. पट्टी कळली नाही की डाव गेला. खेळ घडविणारासही आकडे वाचावे लागतात. २००७ साली आलेल्या ‘हेलो ३’च्या निर्मात्यांनी चाचणीतील खेळाडू कोठे कोठे बाद होतात, हे नकाशावर रंगांनी मांडले होते. एखादी जागा अवाजवी कठीण असेल तर नोंदींच्या लांबलचक तक्त्यात ती हरवते. नकाशावर गडद रंगाने चटकन डोळ्यांत भरते.

हे शिकवावे कसे? आमच्या मते प्रश्न आधी, चित्र नंतर. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली क्रिमियन युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंचे रंगीत चित्र प्रसिद्ध केले. जखमांनी अधिक सैनिक मेले की टाळता येण्याजोग्या रोगांनी, या प्रश्नाचे उत्तर त्यात एका दृष्टिक्षेपात मिळत होते: रोगांनी. प्रश्नच नसेल तर रंग ही केवळ शोभा.

गुणदान याहून अवघड. शाळांतून आलेखास गुण पडतात ते बहुधा नीटनेटकेपणाचे. समजा, एका सरकारी शाळेचा निकाल ८२ टक्के आणि खासगी शाळेचा ८४ टक्के आहे. उभी मोजपट्टी शून्याऐवजी ८० पासून सुरू केली की खासगी शाळेचा स्तंभ दुप्पट उंच दिसतो. आकडे खरे, रेखाटन स्वच्छ आणि चित्र मात्र खोटे! ते जाहिरातीत पाहून एखादा पालक मुलाचे नाव सरकारी शाळेतून काढील. अशा चित्रास पूर्ण गुण देणारा परीक्षक उद्याचा भोळा पालकच घडवीत असतो.

म्हणून आम्ही तीन कसोट्या सुचवितो. पहिली, चित्र नवख्या माणसास दाखवावे, मग झाकावे आणि काय कळले ते विचारावे. दुसरी, त्याचे उत्तर मूळ तक्त्याशी ताडून पाहावे. तिसरी, विद्यार्थ्यास तोंडी विचारावे: हाच आकार का निवडला? कोणते आकडे वगळले आणि का? सुबक चित्र आता संगणकही क्षणात काढून देतो. त्यामागील विचार स्वतःचा आहे की नाही, हे या उत्तरातच कळते.

हा प्रयोग घरीही करता येईल. विजेच्या बारा महिन्यांच्या बिलांचे आकडे मुलांकडून चित्रित करवावेत आणि ते चित्र आजीस मराठीत दोन वाक्यांत समजावून सांगावयास लावावे. उन्हाळ्यातील चढ आजीने बोट ठेवून दाखविला, की मूल उत्तीर्ण झाले असे खुशाल समजावे.