गाव आणि नाव

बोईसरच्या शाखेत मी अधिकारी होतो, त्या वेळची गोष्ट. एक वयस्क गृहस्थ पत्ता बदलण्यासाठी माझ्या टेबलापाशी आले. अर्ज मीच भरत होतो. गावाच्या रकान्यात मी ‘नवीन पोफरण’ असे लिहिले, तेव्हा त्यांनी हलकेच माझ्या मनगटावर हात ठेवला. ‘‘साहेब, ते ‘नवीन’ काढा. मी तर जुनाच आहे.’’

तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटांसाठी समुद्रकाठची अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. नव्या वसाहतीला जुनी नावे मिळाली होती. मी ‘नवीन’ शब्द खोडला, बाजूला सही केली. गृहस्थ समाधानाने गेले. माझ्या मनातून मात्र तो खोडलेला शब्द जाईना. गाव जाते म्हणजे नेमके काय जाते? त्यानंतर सुट्टीचा दिवस आला की मी या पट्ट्यात हिंडू लागलो.

दक्षिणेला वैतरणा, उत्तरेला दमणगंगा, पाठीशी सह्याद्री आणि पुढे समुद्र. मधल्या या चिंचोळ्या भूमीचे नशीब मोठे विचित्र! ती नेहमी कोणाच्या ना कोणाच्या राज्याचे शेवटचे टोक राहिली. क्षत्रपांचे, राष्ट्रकूटांचे, गुजरातच्या सुलतानांचे, मग पोर्तुगीजांचे. आजही तलासरीच्या पलीकडे गुजरात लागतो. आणि टोकाच्या मुलखाचा इतिहास राजधानीत बसून लिहिणाऱ्याला क्वचितच आठवतो.

त्यातून इथे पावलोपावली नद्या आणि खाड्या. उत्तरेकडे जायचे तर पाणी ओलांडावेच लागे. नाशिकच्या पांडवलेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. आपण कोणकोणत्या नद्यांवर फुकट नावांची सोय केली, ते त्याने त्यात नोंदवून ठेवले आहे. तापी आहे, दमणा आहे, आणि ‘दाहनुका’ही आहे. ही आपल्या डहाणूची नदी. लढाया जिंकल्याचा अभिमान सगळेच राजे मिरवतात. लोकांना पैलतीरी पोचवल्याचा अभिमान मिरवणारा हा जावई मला फार आवडला.

पण त्याहून नवल आमच्या शेजारच्या चिंचणीत निघाले. १९५५ साली तिथे ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या काळातला. त्या वेळी संजाण मंडलावर राष्ट्रकूटांच्या वतीने कारभार पाहणारा अधिकारी होता एक अरब. ताम्रपटात त्याला ‘मधुमती’ म्हटले आहे. मुहंमद या नावाचे हे संस्कृत रूप. त्यानेही नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. संजाणात अन्नछत्र घातले, तिथे वाटसरूंना भात, कालवण आणि तूप मिळे. भगवती देवीच्या मठिकेला दिलेले दान याच मुसलमान अधिकाऱ्याच्या कारकिर्दीतले! आपल्या शाळेच्या पुस्तकात हा माणूस कधी भेटल्याचे तुम्हाला आठवते का? मला तरी नाही. त्याने वाढलेल्या तुपाचा वास मात्र हजार वर्षांनीही तांब्यातून येतो.

नावांचा काळ मागे पडला आणि किल्ल्यांचा आला. १५३४ मध्ये वसई आणि १५५९ मध्ये दमण पोर्तुगीजांकडे गेले. मधली पट्टी सांभाळण्यासाठी केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर अशी किनाऱ्यावर किल्ल्यांची रांग उभी राहिली. आतल्या डोंगरी मुलखावर लक्ष ठेवायला मनोरजवळचा अशेरीगड होता. त्याच्या माथ्यावर पोर्तुगीज राजमुकुटाचा दगड आजही पडून आहे आणि त्याच गडावरच्या गुहेत आदिवासींची अशेरीमाता नांदते आहे. राज्य गेले, देवी राहिली.

१७३९ च्या मेमधला वसईचा विजय आपण सारे जाणतो. त्याआधी जानेवारीत तारापूरचा किल्ला घेताना बाजीरावाचा जिवलग बाजी भिवराव रेठरेकर कामी आला, हे किती जणांच्या ध्यानात असते? पुढे हाच किल्ला पेशव्यांकडून इनाम मिळाला तो विकाजी मेहरजी या तारापूरच्या पारशी व्यापाऱ्याला. माझ्यातला बँकवाला इथे जागा झाला. कारण याच घराण्याची पेढी पुढे हैदराबादेत निजाम सरकारची सावकार झाली. औरंगाबादेत पडलेले त्यांचे रुपये ‘पेस्तनशाही’ म्हणून चालले. पण कर्ज थकले आणि पेढी बसली. बुडीत खाते म्हणजे काय, हे मी नोकरीत शिकलो. तारापूरकरांनी ते आमच्या आधी दीडशे वर्षे अनुभवले होते.

किल्ल्यांनाही मग उतरती कळा लागली. १८६४ च्या सुमारास मुंबई-सुरत रेल्वे सुरू झाली. ती खाडीमुखावरची बंदरे टाळून आतून गेली. इंग्रजी अमलात तालुक्याचे नाव ‘माहीम’ होते. स्टेशन आले पालघरला, आणि हळूहळू माहीमचा मान पालघरने घेतला. तारापूर-चिंचणीचा व्यापार बोईसरकडे सरकला. कोणी लढाई केली नाही, तह केला नाही. फक्त वाट बदलली.

१९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले आणि तारापूर हे नाव जगात पोचले. बोईसरला लागून वसलेल्या औद्योगिक वसाहतीनेही तेच नाव घेतले. आज ‘तारापूरला निघालोय’ असे म्हणणाऱ्याला कारखाना किंवा केंद्र अभिप्रेत असते. खाडीकाठचे ते जुने गाव, तिथली अग्यारी, किल्ल्याचा तट, हे कोणी विचारत नाही. तारापूरचे गाव राहिले, नाव दुसरीकडे गेले. पोफरणचे नाव राहिले, गाव गेले.

आता डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदर येते आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षांचा आहे. बंदर हवे की नको, यावर मोठी माणसे बोलत आहेत. माझे मागणे लहान आहे. वाट बदलण्याआधी त्या वाटेवर कोण होते, याची वही कोणीतरी भरून ठेवावी. कोणत्या खडकाला काय म्हणतात, होड्या कुठे लागत, जत्रा कुठे भरे. प्रत्येक शाळेने आपल्या गावाची अशी एक वही केली तरी पुष्कळ झाले. आजी-आजोबा घरात आहेत तोवरच ती भरता येईल.

परवा मुरबे-सातपाटीची खाडी होडीने ओलांडली. शेजारी एक शाळकरी मुलगी बसली होती. मी तिला उषवदाताची गोष्ट सांगितली. तिने सगळी नीट ऐकून घेतली आणि विचारले, ‘‘आजोबा, मग तो होडीवाल्यांना पैसे कुठून देत होता?’’

मी बँकेत चौतीस वर्षे काढली. पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. घरी आल्यावर एका कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर मी तो लिहून ठेवला, आणि त्याच्याखाली लिहिले : पोफरण.